स्कोअर काय झाला?

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)

ओरलला एक्स्टर्नल आधी सोपे प्रश्न विचारतात आणि मग हळूच गळ्याशी येतात. मीही आज तेच करणार आहे. घाबरू नका, मार्क नाहीत.

प्रश्न पहिला. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला. कॅप्टन कोण? हरमनप्रीत कौर. शाब्बास, सगळे पास.

प्रश्न दुसरा. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिलावहिला वर्ल्ड कप झाला. मुलांचा कपही भारताचा, मुलींचा कपही भारताचा. दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे. कोण? (उत्तर: प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे.) इथे अर्ध्याहून जास्त वर्ग केटीत!

प्रश्न तिसरा. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये दहा हजार मीटरच्या शर्यतीत सिल्व्हर मेडल मिळवलं. वेळ किती?

हे प्रश्न मी कॅन्टीनमध्ये खरंच विचारून पाहिले. तिसऱ्याला बहुतेकांनी "कविता राऊत ना? सावरपाडा एक्स्प्रेस!" असं अभिमानाने सांगितलं. नाव माहीत, टोपणनावही माहीत. वेळ मात्र एकालाही माहीत नव्हती. त्याच टेबलावरच्या एकाने सचिनने १९९८ मध्ये शारजाला लागोपाठ १४३ आणि १३४ केले होते हे वडापाव खाता खाता सांगून टाकलं. आणि तेव्हा या महाशयांचा जन्मही झालेला नव्हता!

तर कविता राऊतची वेळ होती ३१ मिनिटं ५१.४४ सेकंद. आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुम्हाला वाटेल, आली आणखी एक क्रिकेटला शिव्या घालणारी! अजिबात नाही. मी स्वतः मॅच असली की जर्नल बाजूला ठेवणारी मुलगी आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. भारतात एखादा खेळ लोकप्रिय का होतो आणि दुसरा का होत नाही, याची जी कारणं आपण कॅन्टीनमध्ये छातीठोकपणे सांगतो, ती तपासून पाहिली तर टिकत नाहीत.

पहिलं कारण: "आपण क्रिकेटमध्ये जिंकतो म्हणून क्रिकेट पॉप्युलर." बरं, इतिहास बघू. भारत पहिली टेस्ट खेळला १९३२ मध्ये आणि पहिली टेस्ट जिंकला १९५२ मध्ये. म्हणजे एक मॅच जिंकायला वीस वर्षं लागली. याच काळात हॉकीवाल्यांनी काय केलं? १९३२, १९३६, १९४८, १९५२, चार ऑलिम्पिक गोल्ड! (आधीचं १९२८ चं आणि नंतरचं १९५६ चं धरलं तर सलग सहा.) तरीसुद्धा मुंबईत गर्दी व्हायची ती क्रिकेटच्या पेंटँग्युलर सामन्यांना. जिंकण्यावरच सगळं असतं तर आज आपल्या गल्लीत स्टंपऐवजी हॉकी स्टिका दिसल्या असत्या. जाता जाता, हॉकी हा आपला 'राष्ट्रीय खेळ' आहे असं आपण शाळेत पाठ केलं. २०१२ मध्ये माहितीच्या अधिकारात विचारल्यावर सरकारनेच सांगितलं की असा कुठलाही खेळ अधिकृतपणे जाहीर केलेला नाही!

दुसरं कारण: "आपल्या लोकांची बॉडीच तशी नाही." यावर काय बोलणार? चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ बघा. टँकरची वाट बघणारा दुष्काळी भाग. हा मुलगा वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामाला जायचा. २०१२ मध्ये सैन्यात भरती झाला आणि तिथे त्याला बोट वल्हवायला शिकवलं. २०१६ मध्ये हा गडी रिओ ऑलिम्पिकला सिंगल स्कल्समध्ये उतरला आणि तेरावा आला. २०१८ च्या एशियाडमध्ये तो चौघांच्या बोटीत होता, त्या बोटीने गोल्ड मिळवलं. विहिरीला पाणी लागावं म्हणून खणणारा माणूस पाण्यावरच्या खेळात आशियात पहिला! बॉडीचं कारण इथेच बाद.

तिसरं कारण आपलं सगळ्यांचं आवडतं: "क्रिकेटने बाकीच्या खेळांना खाल्लं." हे मात्र थोडं बारकाईने बघायला हवं.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्याकडे मुलींना थ्रोबॉल आणि बास्केटबॉल, शिवाय वर्षातून एकदा मार्च पास्ट. शाळेच्या भिंतीपलीकडे महापालिकेची शाळा होती. तिथल्या मुली मधल्या सुट्टीत खो-खो खेळायच्या, तो आवाज आम्हाला वर्गात ऐकू यायचा. दोन्हीकडच्या मुली नाशिकच्याच, एकाच वयाच्या, पण आम्हाला त्यांचा खेळ येत नव्हता आणि त्यांना आमचा. भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखा असलेला एकच खेळ होता: मुलांचं क्रिकेट. टेनिस बॉल अलीकडून पलीकडे गेला की पलीकडची मुलं तो परत फेकायची आणि ओरडून विचारायची, "स्कोअर काय झाला?"

मला वाटतं, सगळी गोम या प्रश्नात आहे. लोकप्रिय खेळ म्हणजे ज्याचा स्कोअर कुणीही कुणालाही विचारू शकतो असा खेळ. तो तुम्ही खेळत असाल किंवा नसाल. नाहीतर आपल्या गोल्फ क्लब मैदानाचंच बघा ना! लोकांच्या तोंडी नाव गोल्फचं, अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, मधे खेळतात क्रिकेट, आणि कडेच्या जॉगिंग ट्रॅकवर चालतात ते डॉक्टरांनी सांगितलेले काका-काकू. संख्या मोजली तर नाशिकचा सगळ्यात मोठा खेळ 'चालणे' हाच निघेल. पण त्याला कुणी लोकप्रिय खेळ म्हणत नाही, कारण कुणाचा स्कोअर काय झाला हे विचारायची सोय नाही.

मग क्रिकेटचा स्कोअर सगळ्यांना कळायला कसा लागला? तो कुणीतरी शिकवला म्हणून. माझ्या आजीने आयुष्यात बॅट हातात धरलेली नाही. पण पायचीत म्हणजे काय, निर्धाव षटक म्हणजे काय, फॉलोऑन कधी मिळतो, हे तिला पक्कं ठाऊक. कारण ती स्वयंपाक करताना रेडिओ चालू असायचा आणि आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांसारखे समालोचक चक्क मराठीतून क्रिकेट सांगायचे. चौकार, षटकार, झेलबाद, त्रिफळा, यष्टिरक्षक, क्षेत्ररक्षण. एवढे शब्द एका परदेशी खेळासाठी मराठीत रुळले! इंग्रजांचा खेळ आजीच्या स्वयंपाकघरात शिरला तो रेडिओच्या दारातून. आता सांगा, दत्तूच्या सिंगल स्कल्सला आजीच्या भाषेत काय म्हणायचं? दोन हजार मीटरच्या शर्यतीत पहिल्या पाचशेला मागे पडलेला माणूस हरलाय की दम राखून आहे, हे आपल्याला कोण सांगणार? ज्या खेळाला शब्द नाहीत, त्याच्या गप्पा होत नाहीत. आणि ज्याच्या गप्पा होत नाहीत तो खेळ पेपरच्या शेवटच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, मेडल मिळालं तरच.

लोकप्रियता खेळाच्या अंगात नसते, ती बघणाऱ्याच्या सवयीत असते. याचा सगळ्यात भक्कम पुरावा कुठला माहीत आहे? खुद्द क्रिकेट! मुलींचं क्रिकेट. खेळ तोच, बावीस यार्ड तेच, नियम तेच, बॉल फक्त थोडा हलका. सांगलीच्या स्मृती मानधनाचा कव्हर ड्राइव्ह बघायला आज सगळं हॉस्टेल जमतं. पण २००५ मध्ये भारताच्या मुली वर्ल्ड कपच्या फायनलला पोचल्या होत्या, ती मॅच किती जणांच्या घरी बघितली गेली, विचारा आई-बाबांना. त्यांचा कारभार २००६ मध्ये बीसीसीआयकडे आला. २०१७ ची लॉर्ड्सवरची फायनल आपण नऊ रन्सनी हरलो आणि तेव्हा कुठे लोकांना हरल्याचं वाईट वाटलं. (वाईट वाटणं ही लोकप्रियतेची पहिली पायरी!) २०२३ ला वुमेन्स प्रीमियर लीग आली, रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसायला लागली. २०२५ च्या फायनलच्या रात्री तर रस्त्यावर फटाके. वीस वर्षांत खेळ बदलला नाही, बघणारे बदलले. क्रिकेट बाकीच्या खेळांना खातं असं म्हणताना लक्षात ठेवा, क्रिकेटचाच अर्धा भाग कित्येक वर्षं उपाशी होता.

दुसरा पुरावा कबड्डीचा. कबड्डी तर आपल्या घरची. तिचे नियम आधी महाराष्ट्रात बांधले गेले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या लोकांनी जर्मनीत जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. १९९० पासून कबड्डी एशियाडमध्ये आहे आणि २०१४ पर्यंत प्रत्येक वेळी पुरुषांचं गोल्ड आपलंच. तरी शहरातल्या शाळेत कबड्डी म्हणजे गुडघे फोडून घ्यायचा खेळ! मग २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि त्या पहिल्या मोसमानंतर ती आयपीएलच्या खालोखाल बघितली गेल्याचं सगळ्या पेपरात छापून आलं. एका रात्रीत आपल्याला मातीचं प्रेम आलं का? छे! प्रो कबड्डीत तर मातीच नव्हती, मॅट होती. झालं असं की तीस सेकंदांच्या चढाईचं घड्याळ स्क्रीनवर दिसायला लागलं. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय', म्हणजे काहीतरी घडणारच. बोनसची रेषा कॅमेऱ्याने जवळून दाखवली. आणि हे सगळं जेवणाच्या वेळेला, रोज, कितीतरी आठवडे. थोडक्यात काय, तर घरातल्या प्रत्येकाला स्कोअर कळायला लागला. आपल्या नाशिकचा आकाश शिंदे चढाईला गेला की आता आमच्या सोसायटीतले आजोबाही "बोनस घे, बोनस!" म्हणून ओरडतात.

टीव्हीवर आणलं की काम झालं, इतकं सोपंही ते नाही. २०२२ मध्ये खो-खोचीही लीग सुरू झाली, ती कबड्डीसारखी घराघरात पोचली नाही. बघण्याची सवय लागायला वेळ लागतो, वेळापत्रक लागतं आणि आजूबाजूला चार जाणकार लागतात. ते असले तर टीव्हीशिवायही चालतं. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ दोघांच्या टीमने 'रेस अक्रॉस अमेरिका' ही प्रचंड लांबीची सायकल शर्यत पूर्ण करून आले. टीव्हीवर कुठेही लाइव्ह नव्हतं. पण लोकांनी आपल्याच शहरातल्या, आपल्याला औषध लिहून देणाऱ्या माणसांना सायकलवर बघितलं. आज रविवारी पहाटे त्र्यंबक रोडला गेलात तर हेल्मेटवाल्यांची रांग दिसेल, आणि ते एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात: "किती किलोमीटर झाले?" आला ना स्कोअर! बुद्धिबळाचं तसंच. विदित गुजराथी नाशिकचा. २०१३ ला ग्रँडमास्टर झाला. २०२४ च्या कॅन्डिडेट्स स्पर्धेत त्याने नाकामुराला दोन्ही डावांत हरवलं आणि त्याच वर्षी बुडापेस्टला ऑलिम्पियाडचं गोल्ड जिंकणाऱ्या भारतीय टीममध्ये होता. आमच्या वर्गातले कितीतरी जण लेक्चरमध्ये मोबाइलवर बुद्धिबळ खेळताना पकडले जातात (नावं सांगत नाही), आणि त्यातल्या प्रत्येकाला स्वतःचं रेटिंग तोंडपाठ आहे.

आता या तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. ३१ मिनिटं ५१.४४ सेकंद.

आपण इंजिनिअर ना? चला, आकडेमोड करू. दहा हजार मीटर म्हणजे चारशे मीटरच्या ट्रॅकवर पंचवीस फेऱ्या. ३१ मिनिटं ५१.४४ सेकंद म्हणजे १९११.४४ सेकंद. भागिले पंचवीस. एका फेरीला साधारण साडेशहात्तर सेकंद. म्हणजे दर शंभर मीटरला एकोणीस सेकंद आणि वर थोडे. तुमच्यातल्या फिट मुलांनी उद्या ग्राउंडवर जाऊन चारशे मीटर साडेशहात्तर सेकंदांत पळून दाखवा. बरेच जण पळाल, मान्य. मग लगेच, न थांबता, पाणी न पिता, दुसरी फेरी तेवढ्याच वेळात. मग तिसरी. अशा आणखी बावीस. संध्याकाळी कॉलेज रोडच्या ट्रॅफिकमध्ये आपली स्कूटी जेवढ्या वेगाने सरकते, त्याहून जास्त वेगाने ही मुलगी अर्धा तास पळत होती.

आणि त्या शर्यतीत पहिली कोण आली? भारताचीच प्रीजा श्रीधरन, ३१ मिनिटं ५०.४७ सेकंदांत. दहा किलोमीटर पळून दोघींमध्ये फरक किती? ०.९७ सेकंद! एक सेकंदही पूर्ण नाही. आशियाच्या स्पर्धेत पहिल्या दोघी भारतीय, आणि शेवटच्या फेरीत अशी चुरस. शेवटच्या ओव्हरला सहा रन हवे असताना आपले जे हाल होतात, ते इथेही झाले असते. फक्त आपल्याला कुणी सांगितलं नाही की हे शेवटच्या ओव्हरसारखं आहे. त्याच वर्षी दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये याच अंतरात तिने ब्राँझ मिळवलं, ट्रॅकवर वैयक्तिक मेडल मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. तिचा सराव कुठे चालायचा? आपल्याच भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर, विजेंद्र सिंग सरांकडे. आपण तिथून रोज जातो-येतो.

कुणी म्हणेल, पळणं बोअर आहे, पंचवीस वेळा गोल फिरण्यात बघायचं काय? जे लोक पाच दिवस टेस्ट मॅच बघतात आणि ती ड्रॉ झाली तरी "काय मस्त मॅच झाली" म्हणतात, त्यांनी हे म्हणू नये, एवढंच! टेस्टमध्ये बाहेरचा बॉल सोडून देण्यातली मजा आपल्याला कळते कारण ती कुणीतरी समजावून सांगितली. पंधराव्या फेरीला मुद्दाम दुसऱ्या नंबरवर राहण्यातली मजाही तशीच समजावून सांगता येते.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. "मला एखादा खेळ नाही आवडत, जबरदस्ती आहे का?" नाही, अजिबात नाही. आवड लादता येत नाही. पण आपण काय बघतो यावर दुसऱ्या कुणाचं तरी करिअर अवलंबून असतं, हेही खरं आहे. महेंद्रसिंग धोनी एके काळी खरगपूरला रेल्वेत टीसी होता, हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर सिनेमाही निघाला. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे, जो नेमबाजीसाठी आपल्या नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीतही राहून गेला, तो मध्य रेल्वेत टीसी होता. १ ऑगस्ट २०२४ ला त्याने पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हा आपल्यातल्या बहुतेकांनी त्याचं नाव पहिल्यांदाच ऐकलं. धोनीची टीसीची नोकरी ही त्याच्या गोष्टीची सुरुवात होती. स्वप्नील ऑलिम्पिक फायनलला उभा राहिला तेव्हाही टीसीच होता.

त्याच्या आधी महाराष्ट्राला ऑलिम्पिकचं वैयक्तिक मेडल मिळालं होतं ते १९५२ मध्ये, हेलसिंकीला, खाशाबा जाधवांना. मधे बहात्तर वर्षं गेली! खाशाबांच्या प्रवासासाठी पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, आणि गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढली. ही गोष्ट आपण 'त्याग' म्हणून सांगतो. मला त्यात आणखी एक दिसतं. त्या पट्ट्यातल्या लोकांना कुस्ती कळत होती. जत्रेच्या फडात बसून त्यांनी शेकडो कुस्त्या बघितल्या होत्या. हा पोरगा साधा नाही, हे त्यांना मेडलच्या आधीच समजलं होतं, म्हणून त्यांनी मेडलच्या आधी पैसे दिले. आपण नेमके उलटे आहोत. आपल्याला खेळ कळत नाही, म्हणून आपण मेडल मिळेपर्यंत थांबतो आणि मग विमानतळावर ढोल घेऊन जातो.

आता आपल्या कॅम्पसबद्दल बोलते. राग मानू नका.

माझी एक मैत्रीण हॉस्टेलला राहते. पेठ तालुक्यातली आहे. रोज पहाटे साडेपाचला ग्राउंडवर असते, आपण तेव्हा झोपलेले असतो. गेल्या वर्षीच्या स्पोर्ट्स वीकमध्ये मुलींची तीन हजार मीटर शर्यत सकाळी साडेसातला ठेवली होती. बघायला मी, तिची रूममेट, स्पर्धेतल्या दोघींच्या मैत्रिणी आणि मेसचा कुत्रा. ती पहिली आली, दुसरीपेक्षा जवळजवळ पाऊण फेरी पुढे. धापा टाकत ती टेबलापाशी गेली आणि विचारलं, "सर, माझा टायमिंग काय झाला?" कुणी घेतलाच नव्हता. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे एकच शब्द होता: 'प्रथम'.

त्याच दिवशी दुपारी एफ.ई. विरुद्ध एस.ई. अशी टेनिस बॉलची मॅच होती. तिचं स्कोअरबुक अजून जिमखान्यात आहे. प्रत्येक बॉलची नोंद. वाइड किती, बाय किती, कुणाच्या बोलिंगवर कुणी कॅच घेतला, सगळं. मला त्या मॅचबद्दल तक्रार नाही, मी स्वतः टाळ्या वाजवायला होते. पण पुढे युनिव्हर्सिटीच्या सिलेक्शनला माझ्या मैत्रिणीला विचारलं, "बेस्ट टायमिंग काय?" तर तिच्याकडे सांगायला अधिकृत आकडा नव्हता. एका शर्यतीत तिने स्वतःचा आजवरचा सगळ्यात चांगला वेळ दिला असेल किंवा नसेलही. ते आता कुणालाच कधी कळणार नाही. सर्टिफिकेटवर 'प्रथम' लिहिलंय. कुणाच्या आधी प्रथम? किती वेगाने प्रथम?

सरकार काय करतं, फेडरेशन काय करतं, स्पॉन्सर कुठे गेले, यावर आपण पानंच्या पानं लिहू शकतो. पण स्टॉपवॉच घ्यायला कुठलं फेडरेशन लागत नाही. ते आपल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे.

म्हणून या वर्षीच्या जिमखाना कमिटीला माझ्या तीन साध्या सूचना आहेत. एक, लांब पल्ल्याच्या शर्यती सकाळी उरकून न टाकता क्रिकेटच्या फायनलच्या दिवशी, इनिंग ब्रेकला ठेवा. प्रेक्षक आयते बसलेले असतात. तीन हजार मीटरला फार तर पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्यात चहासुद्धा होत नाही. दोन, क्रिकेटच्या कॉमेंट्रीसाठी जो माइक भाड्याने आणता, तोच शर्यतीला वापरा. प्रत्येक फेरीचा वेळ सांगा, मराठीत सांगा, कोण दम राखून आहे आणि कोण लवकर सुटलं ते सांगा. आपल्याकडे कॉमेंट्री करणाऱ्या बडबड्यांची कमी नाही! तीन, ग्राउंडच्या भिंतीवर एक बोर्ड लावा. कॉलेजचे रेकॉर्ड: शंभर मीटर, तीन हजार मीटर, गोळाफेक, लांब उडी, मुलं आणि मुली. आकडा आणि वर्ष. बस. एकदा आकडा भिंतीवर लागला की तो मोडायला कुणीतरी येतंच, आणि तो मोडतोय का हे बघायलाही कुणीतरी येतं.

एवढ्याने भारत ऑलिम्पिकमध्ये पहिला येईल असं मला वाटत नाही. पण आपल्या ग्राउंडवर पळणाऱ्या मुलीला तिचा स्कोअर नक्की मिळेल.

कमिटीची मीटिंग होईल तेव्हा होईल. या वर्षीच्या तीन हजार मीटरला मी फिनिश लाइनपाशी स्टॉपवॉच घेऊन उभी राहणार आहे, इनिंग ब्रेकला असो की सकाळी साडेसातला. फेऱ्या मोजायला आणखी दोघं-तिघं हवेत. यायचं असेल तर कळवा.